टाकीतला सव्वा इंच

बाथरूममध्ये नळ सात होते. वॉशबेसिनला दोन, टबाला दोन, डोक्यावरच्या शॉवरला एक, हातात धरायच्या शॉवरला एक आणि कमोडशेजारी भिंतीत खाली एक. टॉवेल तीन मापांचे, प्रत्येकी दोन. साबणाच्या वड्या चार, त्यांतली एक शिंपल्याच्या आकाराची. काचेचे पेले दोन, कागदी टोप्या घातलेले. आरसा एकच, पण भिंतभर. मृणालिनीने सातही नळ एकेक करून सोडले, प्रत्येक वेळी मनात पाचापर्यंत मोजलं आणि बंद केले. शनिवारी दुपारी सव्वादोन वाजता सातही नळांना पाणी होतं.

"आलंय का?" बाहेरून सुभाषने विचारलं.

"सगळ्यांना."

"मग हळू बोल. मीरा रोडला कळलं तर हंडे घेऊन येतील."

तो पलंगावर बुटांसकट आडवा झाला होता आणि पाय मात्र चादरीला लागू नयेत म्हणून हवेत धरून होता. मृणालिनीने त्याचे बूट काढले. मग दोघांनी खिडकीचा पडदा सरकवला. खाली पोहण्याचा तलाव होता, पलीकडे जुहूची वाळू आणि त्यापलीकडे समुद्र.

ह्याच वाळूवर ती दोघं पंधरा वर्षांपूर्वी, लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात, भेळ खात बसली होती. गिरगावातल्या एका खोलीत तेव्हा सात माणसं राहत होती आणि बोलायचं झालं तर बाहेरच यावं लागे. हॉटेलच्या वरच्या मजल्यावर एक खिडकी उजळली, तेव्हा सुभाष म्हणाला होता, "तिथे टब असतो. माणूस त्यात आडवा होतो." मृणालिनी रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातली. लग्नापर्यंत रोज भरतीच्या पाण्यात उतरणारी. तिने विचारलं, "पाणी गळ्यापर्यंत येतं?" सुभाष म्हणाला, "येत असेल. एकदा जाऊन बघू."

ते जाऊन बघणं पंधरा वर्षं राहिलं. एका वर्षी नणंदेचं लग्न निघालं, एका वर्षी सासरे पडले, मग शांती नगरचा फ्लॅट घेतला, मग मुलाचं, अथर्वचं, अपेंडिक्स. मीरा रोडला स्वतःचं दार मिळालं, दाराला आतून कडी मिळाली, पण पाणी एक दिवसाआड, संध्याकाळी, पाऊण तास. गेली सात वर्षं मृणालिनीची अंघोळ एका बादलीत होत होती. बादलीत बारा तांबे बसत. दहा ती वापरी आणि दोन पाय धुवायला ठेवी. गळ्यापर्यंत पाण्यात बसायची इच्छा तिने कुणाला पुन्हा बोलून दाखवली नव्हती, पण ती गेलीही नव्हती. ह्या वर्षी, म्हणजे चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर, काहीच आड आलं नाही. अथर्व सुट्टीत मावशीकडे चिपळूणला गेला. घरात कुणी आजारी पडायच्या आत सुभाष परस्पर जाऊन एका रात्रीचं बुकिंग करून आला.

चहा पिऊन झाला की टब भरायचा, असं ठरलं. मृणालिनी भाईंदरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. न मोजता वस्तू बघणं तिला जमत नसे. चहा येईपर्यंत तिने वितीने टब मोजला आणि आकडेमोड केली: कडेच्या भोकापर्यंत भरला तर साधारण एकशे नव्वद लिटर. इमारतीच्या खालच्या टाकीत एक इंच म्हणजे दीडशे लिटर होतात, हे तिला तोंडपाठ होतं. म्हणजे हा टब टाकीतला सव्वा इंच. एका घराचा एक दिवस.

"हिशेब झाला असेल तर उतर आता," सुभाष म्हणाला.

खाडीत उतरताना बायका नेसत तसा छातीवर बांधायला जुना परकर तिने आणला होता. तो काढायला तिने पिशवीत हात घातला आणि हाताला चाव्यांची कडी लागली. कडीत दोन चाव्या होत्या. एक घराची. दुसरी पितळेची, आखूड. ती व्हॉल्व्हची होती.

मृणालिनी पलंगावर बसली.

त्यांच्या इमारतीत सोळा बिऱ्हाडं. रस्त्यावरच्या लाइनीतून पाणी खालच्या टाकीत येई, पण आत येणारा पाइप टाकीच्या तळापासून फूटभरच वर होता. लाइन रिकामी झाली की त्या पाइपाच्या वर चढलेलं पाणी उलटं ओढलं जाई. म्हणून पाणी यायच्या वेळी व्हॉल्व्ह उघडायचा आणि जायच्या आधी बंद करायचा, हे काम प्रत्येक घराकडे एकेक आठवडा असे. मध्यंतरी शेजारच्या आवारातलं कुणीतरी येऊन व्हॉल्व्ह फिरवून जाऊ लागलं, तेव्हा खड्ड्यावर लोखंडी झाकण आणि कुलूप आलं. हा आठवडा मृणालिनीचा होता. शनिवारच्या संध्याकाळपुरतं काम तिने समोरच्या दारातल्या नीलमला सोपवलं होतं आणि ते नीट सोपवलं होतं. पातळी मोजायची काठी दिली, नोंदीचा तक्ता दिला, व्हॉल्व्ह अकरा आटे फिरवायचा, बारावा दिला तर दांडा घसरतो, हे दोनदा म्हणवून घेतलं. चावी तेवढी राहिली. आपण ती विसरू नये म्हणून सोमवारी तिने ती घराच्या चावीच्या कडीत अडकवली होती. आज निघताना त्याच कडीने घराला कुलूप लावलं आणि कडी पिशवीत टाकली.

पाणी साडेपाचला यायचं. घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

खोलीत फोन होता. इमारतीत कुणाकडे नव्हता, पण खाली हसमुखभाईंच्या किराणा दुकानात होता.

"हसमुखभाई, मी मृणालिनी. बी विंग, तिसरा माळा."

"अरे भाभी! आप तो होटल गयेला है ना? उधर भी राशन कम पडा क्या?"

"नीलम को बुलाओ ना जरा. जल्दी."

तीन मिनिटांनी नीलमचा धापा टाकणारा आवाज आला. "काय वहिनी, टबातून बोलताय का?"

"नीलम, चावी माझ्याकडे राहिलीय."

"कुठली चावी?"

"व्हॉल्व्हची."

नीलम म्हणाली, "आणि मी काठी घेऊन मिरवतेय मघापासून. थांबा, दाजी इथेच आहेत."

दाजी तळमजल्यावर राहत. रिटायर झाल्यापासून सोसायटीचे सेक्रेटरी तेच होते.

"दाजी, कुलूप तोडा ना," मृणालिनी म्हणाली.

"तोडता येऊ नये म्हणून तर पाइपाच्या तुकड्यात बसवून घेतलंय. मीच वेल्डरला सांगितलं होतं, बाबा, हातोडा आत पोचता कामा नये. पोचत नाही."

"तुमच्याकडची दुसरी चावी?"

"जपून ठेवलीय."

"कुठे?"

"तेच तर."

"तुम्ही शोधा. मी इकडून निघते," असं म्हणून मृणालिनीने फोन ठेवला. सुभाषने तोवर बूट परत चढवायला घेतले होते.

"मी जाऊन येतो. तू बस पाण्यात."

"नंबर माझा आहे."

"नंबर घराचा असतो. मी काय भाडेकरू आहे का?"

"सोळा घरं कोरडी बसलीयत आणि मी इथे सव्वा इंचात लोळतेय. नाही बसवणार मला, अहो."

"मग दोघं जाऊ."

ती चपला घालत होती. सुभाषने एक बूट घातला, दुसरा हातात धरला आणि थांबला. "नको. दोघं गेलो तर परत येणं नाही. मी तुला ओळखतो. तिथे जाशील, पाणी येईल, पिंपं भरशील आणि म्हणशील, आता राहू दे, एवढ्यासाठी कुठे परत जायचं." त्याने घातलेला बूट काढला. "मी इथे गहाण. मला सोडवायला यावं लागेल."

"आणि नाही आले तर?"

"तर उद्या बाराला हे लोक मला बाहेर काढतील. बायको पाण्याला गेलीय, म्हणून सांगेन."

ती हसली नाही, पण पिशवी तिथेच ठेवून निघाली. हातात फक्त पर्स आणि कडी.

रिक्षाला हॉटेलच्या दारापर्यंत येऊ देत नाहीत, म्हणून ती फाटकापर्यंत चालत गेली. फेटेवाल्या दरवानाने येताना ठोकला होता तसाच सलाम जातानाही ठोकला. पार्ल्याला हायवे लागला तेव्हा चार वाजायला पाच होते. मालाडला अर्धा तास सिग्नलमध्ये गेला. मुंबईची रिक्षा दहिसर चेकनाक्याच्या पुढे जात नाही. तिथे उतरायचं, नाका पायी ओलांडायचा आणि पलीकडची रिक्षा धरायची. पलीकडे त्या वेळी रिक्षा नव्हती. मृणालिनी सात मिनिटं उभी राहिली. मग तीन माणसं आधीच बसलेल्या एका रिक्षात ड्रायव्हरशेजारी अर्ध्या सीटवर बसून निघाली. ती शांती नगरात उतरली तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

झाकणाभोवती नऊ-दहा माणसं उभी होती.

"आल्या! पंचतारांकित आल्या!" दाजी म्हणाले. "काय म्हणतंय हॉटेल? तिथे पाण्याची वेळ किती?"

"तिथे वेळ नाही. येतच असतं."

"चोवीस तास? मग बंद कोण करतं?"

"दाजी, बाजूला व्हा हो, आधी उघडू द्या त्यांना," नीलम म्हणाली. "शोभेची काठी घेऊन दोन तास उभी आहे मी. पोरं विचारतायत, मावशी, साप निघाला का?"

मृणालिनी गुडघ्यांवर बसली. पाइपाच्या तुकड्यात दोन बोटं घालून तिने चावी लावली. कुलूप उघडलं, दोघांनी झाकण उचललं, तिने व्हॉल्व्ह फिरवला. अकरा आटे. मग टाकीत काठी सोडली. काठी नऊ इंचांपर्यंत ओली झाली. तिने तो आकडा तक्त्यात लिहिला.

साडेपाच वाजले. पाइपात काही नव्हतं.

"जा आता तुम्ही," नीलम म्हणाली. "उघडलंय ना? बंद मी करते."

"येऊ दे."

"येईल की. तुम्ही बघितलंत म्हणून लवकर येणारेय का?"

पावणेसहा झाले. दोघंतिघं घरी गेले. दाजींनी घरातून स्टूल आणून त्यावर बैठक मारली. "शुक्रवारी उत्तनकडे आलं नव्हतं म्हणे," ते म्हणाले. "आज आपला नंबर दिसतोय." मृणालिनीने पाइपाला तळहात लावला. लोखंड कोरडं आणि कोमट होतं. पाणी आलं तर आपण जाऊ शकतो, असं तिच्या मनात आलं. नाही आलं तरी जाऊ शकतो, कारण मग दोष आपला नाही. फक्त आलं की नाही हे ठरायच्या आत जाता येत नाही. जुहूची खोली, सुभाष आणि तो पांढरा टब ह्यांचा विचार तिने ह्यानंतर केला आणि तो नीट जमेना. ती खोली आजच्या दुपारची नाही तर बऱ्याच वर्षांपूर्वीची वाटू लागली.

पाच वाजून सत्तावन्न मिनिटांनी पाइपात हवा वाजली. मग दोन ठोके बसले. मग तळाशी पाणी पडल्याचा जाड आवाज आला. दाजींनी मान न उचलता वर ओरडून सांगितलं, "आलं!" चौथ्या मजल्यावरून कुणीतरी भांडं वाजवलं.

मृणालिनीने दहा मिनिटांनी पुन्हा काठी सोडली. सतरा इंच. वेग नेहमीचा होता. कडीतून पितळेची चावी काढायला तिला नख वापरावं लागलं. नख तुटलं, पण चावी निघाली. ती तिने नीलमच्या हातात ठेवली.

"आवाज पातळ झाला की बंद करायचं. थांबायची वाट बघायची नाही."

"माहितीय. अकरा आटे. बारावा दिला तर माझं लग्न मोडतं."

मृणालिनी निघाली ती फाटकाकडे नाही, तर जिन्याकडे. पंप चालू झाला की वर पाणी चढणार होतं आणि तिच्या मोरीतली दोन पिंपं रिकामी होती. दोन पायऱ्या चढल्यावर मागून नीलमचा आवाज आला.

"वहिनी, कुठे?"

"पिंपं भरते. पाच मिनिटं."

"पाच मिनिटं म्हणजे मग कणीक मळाल, मग दिवाबत्ती कराल. सुभाषभावोजी तिकडे टबापाशी बसलेत ना?"

"ते बसतील."

"पंधरा वर्षं बसलेच आहेत," नीलम म्हणाली. "घराची चावी द्या मला. पिंपं मी भरते. वर गेलात तर उतरणार नाही तुम्ही, मी लिहून देते."

मृणालिनी पायरीवर उभी राहिली. वर कुणाच्या तरी नळातून हवेची शिट्टी येत होती; म्हणजे पंप चालू झाला होता. पिंपांची झाकणं कुठे आहेत, पाइप कुठल्या खिळ्याला आहे, आधी कुठलं पिंप भरायचं, हे तिने नीलमला सांगितलं. नीलमने सगळं ऐकून घेतलं आणि नुसता हात पुढे केला. तिने कडी त्या हातावर ठेवली.

ह्या वेळी नाक्याच्या दोन्ही बाजूंना रिक्षा लगेच मिळाली. ती हॉटेलच्या फाटकाशी उतरली तेव्हा सात वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. दरवानाने सलाम ठोकला.

दार सुभाषने उघडलं. त्याची पँट पोटऱ्यांपर्यंत दुमडलेली होती आणि बाह्या वर केलेल्या.

"आलं?" त्याने विचारलं.

"सत्तावीस मिनिटं उशिरा."

"चढलं किती?"

"मी निघेपर्यंत आठ इंच. हे काय केलंत तुम्ही?"

तिला बाथरूमचं दार उघडं दिसत होतं. टब भरलेला होता. टबाशेजारी कचऱ्याची प्लास्टिकची बादली भरलेली होती. बर्फ ठेवायचं झाकणाचं भांडं, कागदी टोप्या काढून ठेवलेले दोन्ही पेले आणि चहाची किटली, हीही काठोकाठ भरून बेसिनपाशी ओळीने मांडलेली होती.

"तू गेलीस आणि मला एकदम वाटलं, तू येईपर्यंत गेलं तर?" सुभाष म्हणाला. "म्हटलं, आहे तोवर भरून ठेवू."

"इथे जात नाही."

"ते मला आता कळतंय. तेव्हा हात आपोआप चालला. गरम सोडलं होतं मी, अगदी वाफा येत होत्या. पण ते पावणेचारला."

मृणालिनीने टबात बोटं बुडवली. पाणी गार झालं होतं, विहिरीच्या पाण्याइतकं नाही, पण गार. तळाशी साखळीला बांधलेलं रबरी बूच दिसत होतं.

"सोडून देऊ," सुभाष म्हणाला. "दुसरं भरू, गरम. दहा मिनिटांचं काम आहे."

"हो."

दोघंही टबाशी उभी होती. साखळी मृणालिनीच्या बाजूला होती. तिने ती हातात धरली. मग सुभाषकडे पाहिलं. तो किटलीकडे बघत होता.

"तुम्ही ओढा," ती म्हणाली.

"मी भरलंय. मला नको सांगूस."

तिने साखळी सोडून दिली. "एकशे चाळीस लिटर तरी असेल," ती म्हणाली. "कडेच्या भोकाच्या बरंच खाली आहे."

"तू आत जाशील त्याला जागा ठेवली. शाळेत एवढं मलाही शिकवलंय."

"किती चढेल?"

"तू सांग. प्रयोगशाळा तुझी."

सुभाष बाहेर गेला. तिने परकर छातीवर बांधला, केस वर गुंडाळले. मग आरशात बघून कपाळावरची टिकली काढली आणि टबाच्या आतल्या कोरड्या भिंतीवर चिकटवली, खालची कड बरोबर पाण्याच्या रेषेवर टेकेल अशी. कठडा धरून एक पाय आत घातला, मग दुसरा. पाणी पोटरीला चावलं. ती खाली बसली आणि पाय लांब केले. परकरात हवा भरून तो फुगला, तो तिने हाताने दाबून खाली बसवला. मग हळूहळू पाठ टेकली, डोकं कडेवर ठेवलं. पाणी खांद्यांवरून गेलं आणि गळ्याला लागलं.

तिने मनात पाचापर्यंत मोजलं, मग पुन्हा पहिल्यापासून.

"मृणाल?" बाहेरून सुभाषने विचारलं.

"या आत. माझ्या पर्समध्ये स्टीलची पट्टी आहे, ती आणा."

त्याने पट्टी आणली आणि गुडघे टेकून टबाशी बसला. "कुठून मोजू?"

"टिकलीच्या खालच्या कडेपासून. पट्टी सरळ धरा. शून्य खाली."

"हलू नकोस. लाटा येतायत."

"मी हललेले नाही. तुमचा हात आहे."

त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरलं. मृणालिनीने श्वास रोखला. पाणी टबाच्या दोन्ही टोकांना एकदा जाऊन परत आलं, मग आणखी एकदा थोडं कमी, आणि थांबलं. सुभाषने चष्मा वर केला, खाली वाकून पट्टी वाचली आणि खात्री करायला पुन्हा वाचली.

पाच सेंटिमीटर आठ मिलिमीटर.